ओट्याचा घसारा

कंत्राटदाराने आमच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकले, ओट्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केले आणि एखाद्या वैद्याने आशा सोडून रोग्याची नाडी खाली ठेवावी तसा हात मागे घेतला. ‘‘हा काढूनच टाकू या, साहेब. आता कडप्पा कोण ठेवतो?’’ तो म्हणाला. पाठोपाठ त्याच्या सहायकाने पिशवीतून नव्या दगडांचे चौकोनी नमुने काढून आमच्या त्या म्हाताऱ्या ओट्यावरच मांडले. काळा ग्रॅनाइट, चांदण्या पेरल्यासारखा दुसरा काळा ग्रॅनाइट, पांढराशुभ्र क्वार्ट्झ. स्थळे दाखवावीत तसा तो थाट होता. आणि ज्याच्या जागी ही स्थळे यायची, तो बिचारा त्यांच्याच खाली पाट होऊन पडला होता.

हा ओटा १९८८ सालचा. त्या वर्षी बँकेच्या कर्जावर पुण्यात आम्ही हे घर घेतले. घराचा ताबा मिळाला तेव्हा स्वयंपाकघरात नुसत्या चार भिंती आणि एक नळ होता. कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या, त्यांवर आडवी टाकलेली दोन तुकड्यांची काळी फरशी, खाली डबे ठेवायला आणखी एक फळी, असा ओटा त्या काळी सगळीकडे होत असे. आमचाही तसाच झाला. तेव्हा तो शाळेतल्या नव्या फळ्यासारखा काळाभोर दिसे. आज तो करडा पडला आहे. गॅसच्या शेगडीपाशी केसाएवढी बारीक चीर आहे. सिंकच्या अलीकडे, जिथे इतकी वर्षे भांडी घासून उपडी घातली, तिथे तळहात फिरवला तर हलकासा खळगा जाणवतो. लिंबाच्या अर्ध्या फोडी जिथे जिथे उपड्या पडून राहिल्या तिथे तिथे पांढुरके गोल उठले आहेत.

मी आयुष्याची छत्तीस वर्षे बँकेत काढली. आमच्या हिशेबात एक शब्द फार महत्त्वाचा असतो : घसारा. टेबल, खुर्ची, पंखा, तिजोरी, जे जे विकत घेतले त्याची किंमत दरवर्षी थोडी थोडी कमी करत न्यायची. शेवटी अशी वेळ येते की वस्तूची सगळी किंमत संपते आणि खातेवहीत तिच्या नावासमोर नाममात्र एक रुपया उरतो. मी ज्या खुर्चीत बसून लाखो रुपयांची कर्जे मंजूर केली, तिची पुस्तकी किंमत कित्येक वर्षे एक रुपयाच होती. पण खुर्ची मला धरून होती. एक रुपयाच्या खुर्चीतून मी कधी पडलो नाही.

त्या दिवशी ओट्याच्या खळग्यावरून हात फिरवताना लक्षात आले की हा शब्द आपण हिशेबापुरताच वापरतो, पण त्याचा मूळ धातू घासण्याचा आहे. इथे खरोखरीचा घसारा माझ्या तळहाताखाली होता. प्रश्न इतकाच होता की या घासण्याने दगडाचे काम संपले आहे का, की नुसते त्याचे रूप गेले आहे? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आणि माझी तक्रार अशी आहे की अलीकडे आपण सगळ्यांनीच त्यांतला फरक विसरायचे ठरवले आहे.

आपल्या घरांत दगड नवा नाही. पाटा-वरवंटा, जाते, उखळ ही सारी आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाची लेकरे. ज्वालामुखीच्या लाव्हारसातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी घडलेला हा दगड. त्याच्या पाट्यावर रोज चटणी वाटली की पाटा गुळगुळीत होई आणि मग वाटण नुसते सरकू लागे. अशा वेळी कोणी पाटा फेकून दिला नाही. गल्लीत ‘टाकीऽऽ लावायची का टाकी’ अशी हाक येई, हातोडी-छिन्नी घेतलेली बाई दारात बसे आणि तासाभरात पाट्याला पुन्हा धार येई. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली तर कल्हईवाला येई, भाता फुंके, नवसागराचा तो खास वास सुटे आणि भांडे आतून चांदीसारखे होई. वस्तू झिजते हे तेव्हाच्या बायकांना ठाऊक होते. झिजलेल्या वस्तूला पुन्हा कामाला लावणारा माणूस दारावर येतो, हेही ठाऊक होते. दुरुस्ती हा संसाराच्या खर्चातला नेहमीचा रकाना होता. तिच्यात कमीपणा नव्हता.

स्वयंपाक जमिनीवरून उठून उभा राहिला तो गॅस आल्यावर. चुलीपुढे, शेगडीपुढे बसून रांधणाऱ्या बायका उभ्या राहिल्या आणि त्यांच्यापुढे ओटा आला. त्या ओट्यावर पसरायला आपल्याकडे तीन दगड सोयीचे होते : आंध्रातला काळा कडप्पा, आजच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली शहाबाद फरशी आणि राजस्थानातला हिरवट-निळसर कोटा. तिघेही जातीने चुनखडीचे. प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून ते बनले. म्हणूनच त्यांचे पापुद्र्यासारखे सपाट थर निघतात आणि फारसे न कापता फरश्या मिळतात. कडप्प्याचा चुनखडक पन्नास कोटी वर्षांहूनही जुना आहे. ज्याला आमचा कंत्राटदार ‘आऊटडेटेड’ म्हणत होता, त्याचे वय असे आहे.

बँकेच्या नोकरीत माझी एकदा गुलबर्ग्याला बदली झाली होती. तेव्हा ते नाव कलबुर्गी झाले नव्हते. शहाबादच्या बाजूच्या खाणी मी तेव्हा पाहिल्या. उन्हात वाकून पहारीने थर सुटा करणारी माणसे, आणि तो थर सुटताना येणारा एक पोकळ आवाज. एवढ्या श्रमाने जमिनीतून निघालेली फरशी आपण ‘आता चालत नाही’ म्हणून घणाने फोडतो तेव्हा मला तो आवाज आठवतो.

असो. मुद्दा घरातल्या ओट्याचा. कंत्राटदार गेल्यावर चहा घेताना मी घरच्यांपुढे एक छोटेखानी भाषणच केले. आईने या ओट्यावर किती वर्षे पोळ्या लाटल्या, मुलगा इथे बसून दूध कसा प्यायचा, याच ओट्याच्या कोपऱ्यावर वही ठेवून मी माझ्या पहिल्या कादंबरीची शेवटची पाने कशी लिहिली. कादंबरीकाराला असे बोलायला विषय लागतो. तो मिळाला की तो थांबत नाही. मुलगा मोबाइलमध्ये बघत होता. सूनबाई हसून ऐकत होत्या. सौभाग्यवतींनी शांतपणे कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘अहो, या ओट्याकडे तुम्ही इतकी वर्षं टेबलावरून बघताय. मी त्याच्याशी वाकून उभी आहे.’’

मला उत्तर सुचले नाही.

खरे होते ते. ओटा घातला तेव्हा गवंड्याने विचारले होते, ‘‘उंची किती ठेवू?’’ स्वयंपाकघर आईचे, म्हणून आईला उभे करून, तिच्या कोपराच्या बेताने तीस इंच उंची ठरली. आई अंगाने लहानखुरी. हिची उंची तिच्यापेक्षा चांगली वीतभर जास्त. हिला कोणी विचारले नव्हते, आणि नवी सून म्हणून हिनेही सांगितले नव्हते. आई २००९ मध्ये गेली. त्यानंतरही ओटा तीस इंचच राहिला आणि ही वाकतच राहिली. कमरेला पट्टा बांधायची वेळ आली तेव्हा आम्ही डॉक्टर बदलले, गादी बदलली. ओट्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

म्हणून जुन्या वस्तू जपाव्यात असे म्हणणाऱ्या माझ्यासारख्या पुरुषांना पहिली सूचना अशी करतो की, जी वस्तू जपायची तिच्याशी काम कोण करते ते आधी पाहावे. ज्याला पाठ मोडावी लागत नाही त्याला आठवणी जपणे फार सोपे असते. आणि ओटा बदलून हवा म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला नव्या दगडाची हौसच असते असे नाही. कित्येकदा तिला उंची बदलून हवी असते, उजेड हवा असतो, ओल न धरणारी कड हवी असते. आपण ते नीट विचारत नाही. ती ‘नवा ओटा’ म्हणते, कारण तिच्या तक्रारीला दुकानात तेवढेच नाव मिळते.

हिला मी प्रथमच नीट विचारले, काय काय हवे? यादी निघाली ती अशी : उंची चार इंच वाढावी, चिरेत पीठ अडकते ते बंद व्हावे, दोन फरश्यांच्या सांध्यातून पाणी खाली डब्यांवर झिरपते ते थांबावे, आणि काळा रंग परत आला तर बरे. ‘‘दगड हाच राहिला तरी चालेल?’’ मी विचारले. ‘‘दगडाने माझं काय वाकडं केलंय?’’ ती म्हणाली.

या चार मागण्यांपैकी एकीलाही नवा दगड लागत नव्हता. पण हे काम करणारा माणूस शोधायला तीन आठवडे लागले. ज्याला विचारावे तो नवीन घाला म्हणे. त्यांना मी दोष देत नाही. नवीन ओट्यात दगडाच्या विक्रीवर नफा असतो, जुन्या दगडावर नुसती मजुरी. शिवाय जुना दगड काढताना तडकला तर बोल आपल्यावर, ही भीती. मी बँकेत होतो तेव्हा घरदुरुस्तीच्या कर्जासाठी कितीतरी अंदाजपत्रके माझ्या टेबलावर आली. त्यांत ‘जुना ओटा काढून नवा बसवणे’ ही ओळ शेकडो वेळा वाचली. ‘जुना ओटा घोटून देणे’ अशी ओळ एकदाही वाचल्याचे आठवत नाही. आणि मीही कधी कोणाला विचारले नाही. तेव्हा हा लेख थोडा प्रायश्चित्ताचाही आहे.

शेवटी सापडला तो एक साठीचा मोझॅक घोटणारा कारागीर. मूळचा राजस्थानचा, चाळीस वर्षे पुण्यात, मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात बोलणारा. त्याने टकटक केली नाही. आधी ओला फडका फिरवला, दगड ओला झाल्यावर काळा दिसतो का ते पाहिले. मग एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब ठेवला आणि चहा मागितला. चहा होईपर्यंत थेंबाखालचा दगड गडद झाला होता. ‘‘दगड तहानलेला आहे,’’ तो म्हणाला. ‘‘पाणी पितो म्हणजे तेलही पितो, हळदही पितो. पण आतून जिवंत आहे.’’ मग खाली वाकून फरशीची जाडी बोटाने मोजली. पाऊण इंचाहून थोडी जास्त. ‘‘खळगा पूर्ण नाही काढणार. तेवढा दगड सगळीकडून उतरवला तर ओटा पातळ होईल. निम्मा काढतो, निम्मा राहू दे.’’ इतके प्रामाणिक अंदाजपत्रक मी बँकेत क्वचितच पाहिले.

आधी उंचीचे काम झाले. गवंड्याच्या मदतीने सांधे मोकळे करून, चौघांनी दोन्ही फरश्या एकेक करून उचलल्या. फरशी आडवी धरली तर स्वतःच्याच भाराने मोडते, म्हणून ती आधी उभी करून, काचेच्या तावदानासारखी कडेवर धरून नेतात हे मला तेव्हा कळले. उभ्या पट्ट्यांवर चार इंचांचे दगडी तुकडे बसवले, सिंक वर घेतले, खालचा पाइप वाढवला आणि त्याच फरश्या पुन्हा जागेवर आल्या. एक नुकसान झाले, ते सांगायला हवे : भिंतीतला नळ होता तिथेच राहिला, त्यामुळे त्याच्याखाली आता मोठी कळशी बसत नाही.

मग घोटाई. चिरेतली आणि सांध्यातली वर्षानुवर्षांची घाण टोकदार पात्याने खरवडून काढली, जागा पूर्ण कोरडी होऊ दिली आणि तिथे काळा रंग मिसळलेले इपॉक्सी भरले. पूर्वी सांध्यात व्हाइट सिमेंट भरत; ते पाणी शोषते आणि काही वर्षांत भुगा होऊन सुटते. दुसऱ्या दिवशी इपॉक्सी कडक झाल्यावर त्याने हातातले यंत्र काढले. पहिली चकती खरखरीत, नंतरची तिच्याहून बारीक, मग आणखी बारीक. आकडा जितका मोठा तितकी चकती मऊ : पन्नास, शंभर, दोनशे, चारशे, आठशे, पंधराशे. नियम एकच, पण तो पाळणे कठीण : मधला एकही नंबर गाळायचा नाही. आधीच्या चकतीचे ओरखडे पुढच्या चकतीने पुसायचे असतात. घाईने एक पायरी सोडली तर ते ओरखडे शेवटच्या चकाकीतही दिसत राहतात. कादंबरीच्या पुनर्लेखनाविषयी याहून नेमके मला कोणी सांगितले नव्हते.

सगळे काम पाणी सोडत चालले होते. घरभर धूळ नाही, पण ओट्यावरून करड्या शाईसारखा चिखल वाहत होता. तो त्याने मोरीत जाऊ दिला नाही. बादलीत भरला, खाली बसू दिला आणि घट्ट गाळ गोणीत घालून नेला. ‘‘मोरीत सोडला तर आतमध्ये दगड होतो,’’ तो म्हणाला. अखेरीस दगड धुऊन, एक दिवस वाळवून, त्यात जिरणारे सीलर लावले आणि वर राहिलेले पुसून घेतले. ते पुरते सुकेपर्यंत ओट्यावर खाण्याचे काही ठेवू नका, एवढे बजावले. नव्या ओट्याच्या अंदाजाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी खर्चात, चार दिवसांच्या डब्यावर, आमचा ओटा पुन्हा काळा झाला. आरशासारखा नाही. कडप्प्याला ग्रॅनाइटची झळाळी येत नाही आणि ती मागूही नये. पावसात भिजलेल्या वाटेला असते तशी मंद चमक त्याला आली.

आता कोणी म्हणेल, एका ओट्याने काय होणार? घरोघरचे ओटे निघतात त्यांचे काय होते ते पाहा. पहाटे फिरायला जाताना टेकडीच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठी राडारोड्याचे ढीग दिसतात. बांधकामाच्या राडारोड्याविषयी आपल्या देशात २०१६ पासून नियम आहेत, पण ओढ्याला नियम वाचता येत नाहीत. त्या ढिगांत मी कडप्प्याचे, कोट्याचे धड तुकडे पाहिले आहेत. त्यांना फक्त घोटायला हवे होते.

आणि दुसरी गोष्ट धुळीची. आज ज्या पांढऱ्याशुभ्र कृत्रिम क्वार्ट्झची चलती आहे, तो खाणीतून तसाच निघत नाही. क्वार्ट्झचा चुरा राळेसारख्या रसायनात घट्ट दाबून त्याचे ताव बनवतात. त्यात सिलिका बहुधा नव्वद टक्क्यांहून अधिक असते. तो कोरडा कापला की जी अतिसूक्ष्म धूळ उडते ती श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. गेलेले फुप्फुस परत आणणारे औषध या रोगावर नाही. हे ताव कापणाऱ्या तरुण कामगारांना हा रोग होऊ लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या ओट्यांचे उत्पादन, पुरवठा आणि बसवणे यांवर बंदीच घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, कमी असली तरी पुष्कळ. चुनखडीच्या दगडात ती सर्वसाधारणपणे खूपच कमी. तरी धूळ ती धूळच. आपल्या सोसायटीच्या आवारात तोंडाला नुसता रुमाल बांधून, पांढऱ्या ढगात बसून दगड कापणारा पोरगा तुम्ही पाहिला असेलच. आपण त्याच्या शेजारून नाक दाबून पुढे जातो. तो दिवसभर तिथेच असतो. दगड कापायचाच असेल तर पाणी मारत कापा, चांगला मास्क लावा, असे बजावण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याला असतो. तो आपण वापरत नाही.

याचा अर्थ काहीही झाले तरी जुने तेच ठेवा, असा माझा हट्ट नाही. फरशी आरपार तडकून दोन्ही बाजू खालीवर झाल्या असतील, दगडाचे पापुद्रे सुटत असतील, खालचे आधार खचले असतील, तर तो ओटा धोकादायक आहे, काढावा. स्वयंपाकघराची रचनाच बदलायची असेल तरीही इलाज नाही. पण नुसता रंग उडाला, डाग पडले, चकाकी गेली, एवढ्यावरून मृत्युलेख लिहू नये. आधी घोटणाऱ्याला दाखवावे, मग फोडणाऱ्याला. वैद्यकात आपण दुसरा सल्ला घेतोच ना?

आणि ज्यांचा ओटा अजून धड आहे त्यांच्यासाठी त्या कारागिराने सांगितलेले चार शब्द. कडप्पा, कोटा, शहाबाद, संगमरवर ही सगळी चुन्याच्या कुळातली मंडळी. त्यांना आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर सांडले की आम्ल दगडाचा वरचा थर खाते. तो पांढुरका गोल म्हणजे डाग नसून जखम असते, आणि म्हणून साबणाने कितीही घासले तरी जात नाही. तेव्हा आंबट सांडले की लगेच पुसा आणि लिंबू ताटलीत कापा. फरशीचे ॲसिड तर ओट्याच्या आसपासही आणू नका. तारेची घासणी नको, खरखरीत पावडर नको. साधा सौम्य साबण, मऊ फडके पुरे. तेलाचा डाग खोल गेला असेल तर खाण्याच्या सोड्याची पाण्यात दाट पेस्ट करून त्यावर थापा, वर प्लॅस्टिकचा कागद लावून दिवसभर ठेवा. सुकताना ती तेल ओढून घेते. एकदा गेला नाही तर पुन्हा करा. आपल्या आज्या कडप्प्यावर खोबरेल तेलाचा बोळा फिरवत, त्याने दगड काळा दिसतो खरा, पण तेल पुसून कोरडे केले नाही तर ते चिकट होऊन मळ धरते. ग्रॅनाइटवाल्यांना आंबटाची एवढी भीती नाही, पण पाण्याच्या थेंबाची परीक्षा त्यांनीही वर्षातून एकदा घ्यावी. थेंब तसाच मोत्यासारखा राहिला तर ठीक. दगडाने तो प्यायला तर पुन्हा सीलर लावायची वेळ झाली.

आमच्या घरी आता एक बदल झाला आहे. उंची वाढल्यामुळे ओटा माझ्याही कोपरापाशी येतो. त्यामुळे ‘मला तिथे वाकवत नाही’ ही माझी जुनी सबब गेली. सकाळचा चहा आणि रात्रीची भांडी माझ्याकडे आली आहेत. पहिल्या आठवड्यात मी भांडी घासून उपडी घालत होतो, तेव्हा हात आपोआप त्या खळग्याशी गेला. निम्मा उरलेला खळगा. तो काढता आला नाही याचे मला बरेच वाटले, आणि तसे बोलून दाखवायला मी तोंड उघडणार होतो.

‘‘बोलू नका,’’ ही टेबलावरून म्हणाली. ‘‘आधी कुकर घासा.’’